‘थांब’ सांगणाऱ्या पेशी : काजरा, धनुर्वात आणि एका शोधाचा इतिहास

आजची गोष्ट जयपूरपासून सुरू होते, कोकणातून युरोपात जाते, न्यूझीलंडपर्यंत पोचते आणि शेवटी मुंबईच्या रुग्णालयांत येते. प्रश्न मात्र एकच आहे. आपल्या चेतापेशी एकमेकींना ‘चल’ सांगतात हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्या एकमेकींना ‘थांब’ कसं सांगतात? आणि हे सांगणं बंद पडलं तर माणसाचं काय होतं?

जयपूरला आमेर रस्त्यावर, जोरावरसिंह दरवाज्याजवळ, राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. १९७६ साली ते स्थापन झालं. आयुर्वेदाच्या कुठल्याही महाविद्यालयात असतो तसा इथेही रसशास्त्राचा अभ्यास आहे आणि त्या अभ्यासात एक बी हमखास येते. चपटी, गोल, कोटाच्या बटणासारखी, वर राखाडी रेशमी लव. तिला हिंदीत कुचला म्हणतात, संस्कृतात विषमुष्टी किंवा कारस्कर. ग्रंथांनी तिला उपविषांत घातलं आहे. म्हणून औषधात वापरण्याआधी तिचं शोधन करायचं असतं. बी गोमूत्रात भिजवायची, दुधात शिजवायची, वरची साल आणि आतला अंकुर काढून टाकायचा, तुपात परतायची. शोधनानंतर बीमधल्या विषाचं प्रमाण कमी होतं, हे रासायनिक तपासण्यांतही दिसलं आहे. सरकारी औषध नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत विषमुष्टी आहेच. म्हणजे हा घरी करून बघायचा प्रकार नाही.

आपल्या कोकणात हेच झाड काजरा म्हणून ओळखलं जातं. नाव ऐकून काजूशी गल्लत करू नका, दोघांचा काही संबंध नाही. काजऱ्याला नारिंगासारखी गोल, केशरी फळं येतात. दिसायला मोहक, आणि आतल्या बिया कडू जहर.

या बीचं विष अंगात गेलं की माणूस लुळा पडत नाही, झोपत नाही, भ्रमिष्टही होत नाही. उलट होतं. अंगातला प्रत्येक स्नायू एकाच वेळी आवळला जातो. कुणी नुसता हात लावला, दार आपटलं, दिवा लावला, तरी झटका येतो आणि पाठ कमानीसारखी वाकते. आणि हे सगळं चालू असताना माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. श्वासाचे स्नायूही आवळलेले राहिले तर तो गुदमरून मरतो.

ताकद संपून मरणं आपल्याला समजतं. ताकद थांबवता न आल्याने मरणं, हे काय आहे?

पॅरिसमध्ये फ्रांस्वा माजंदी या तरुण वैद्याने १८०९ साली या कुळातल्या विषांवर प्रयोग केले. त्याला दिसलं की विष मेरुरज्जूवर, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जेच्या दोरीवर, काम करतं. मेंदूशी असलेला संबंध तोडला तरी झटके येतच राहतात. १८१८ साली पेलतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी याच कुळातल्या बियांतून शुद्ध विष वेगळं काढलं. तेच स्ट्रिक्निन. हे विष उंदीर मारायला वापरलं गेलं आणि थोड्या मात्रेत ‘शक्तिवर्धक’ म्हणूनही विकलं गेलं. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला धावता धावता त्याच्या मदतनिसांनी स्ट्रिक्निन पाजलं होतं. तो जिंकला, पण शेवटी त्याला धरून न्यावं लागलं.

विष मेरुरज्जूवर काम करतं हे कळलं. पण ते तिथे नक्की काय करतं? सोपा अंदाज असा की ते चेतापेशींना भडकवतं. हा अंदाज चुकीचा होता आणि तो दुरुस्त व्हायला दीडशे वर्षं लागली.

थांबणं हेही काम आहे

एवढा वेळ का लागला? कारण त्या काळी सगळ्यांची समजूत अशी होती की मज्जातंतू म्हणजे हुकूम नेणारा दूत. हुकूम आला की स्नायू हलतो, नाही आला की हलत नाही. स्वस्थ असणं म्हणजे हुकूम नसणं.

१८४५ साली जर्मनीतल्या वेबर बंधूंनी या समजुतीला पहिला धक्का दिला. त्यांनी व्हेगस या मज्जातंतूला विजेने डिवचलं. तंतू डिवचला म्हणजे हृदय जोरात धडधडायला हवं. ते मंदावलं आणि थांबलं. म्हणजे हा तंतू ‘थांब’ असा हुकूम नेत होता. १८६२ मध्ये रशियाच्या इव्हान सेचेनॉव्हने पॅरिसमध्ये बेडकाच्या मेंदूच्या एका भागावर मिठाचा खडा ठेवला. एरवी बेडूक आम्लात बुडालेला पाय झटकन वर घेतो. आता तो पाय घ्यायला खूप वेळ लावू लागला. मेंदूचा एक भाग जागा झाला की खालची हालचाल दबते, असा याचा अर्थ.

खरा खुलासा केला इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने. त्याने विचारलेला प्रश्न तुम्ही बसल्या जागी स्वतःला विचारू शकता. कोपर वाकवा. दंडाचा पुढचा स्नायू आवळला. मग मागचा स्नायू, ज्याचं काम कोपर सरळ करणं हे आहे, तो त्याच वेळी काय करतो? तोही आवळला असता तर हात हललाच नसता, दोन बैल एकाच जोताला उलट दिशांनी ओढतात तसं झालं असतं. तो सैल पडतो. शेरिंग्टनने दाखवलं की तो आपोआप सैल पडत नाही, मेरुरज्जू त्याला सैल पाडते. एका स्नायूला ‘चल’ सांगतानाच तिथून त्याच्या जोडीदाराला ‘थांब’ जातं. चालणं, गिळणं, सुईत दोरा ओवणं, यांतलं प्रत्येक काम या दोन निरोपांच्या जोडीने होतं.

आता काजरा परत येतो. १९०५ साली शेरिंग्टनने लिव्हरपूलमध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले. प्राण्याला स्ट्रिक्निन दिलं की जो स्नायू सैल पडायला हवा, तोच आवळला जाऊ लागला. ‘थांब’चं ‘चल’ झालं. आणि आणखी एका विषाने अगदी हेच केलं. ते विष होतं धनुर्वाताचं.

१९३२ साली शेरिंग्टनला नोबेल मिळालं. त्याने आपल्या नोबेल व्याख्यानाचा विषय निवडला तो निरोधाचा, या ‘थांब’चाच.

निरोप पोचतो कसा

‘थांब’ असं काही असतं हे पटलं. पण ते एका पेशीतून दुसरीत जातं कसं? दोन चेतापेशींच्या मध्ये एक बारीक फट असते. या जागेला सिनॅप्स म्हणतात. फट ओलांडायला वीज उडी मारते की रसायन सांडतं, यावर शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं भांडण होतं. एका बाजूला ‘ठिणगीवाले’, दुसऱ्या बाजूला ‘सूपवाले’. ठिणगीवाल्यांचा एक कट्टर पुढारी होता जॉन एक्लिस, शेरिंग्टनचाच शिष्य, मूळचा ऑस्ट्रेलियाचा.

एक्लिसच्या आयुष्यात मध्येच एक तत्त्ववेत्ता आला, कार्ल पॉपर. महायुद्धाच्या काळात दोघेही न्यूझीलंडमध्ये होते. पॉपरचं सांगणं असं की आपला सिद्धांत जपत बसू नका, तो खोटा ठरू शकेल असा प्रयोग शोधा. एक्लिसने ते मनावर घेतलं. १९५१ साली न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात त्याने ब्रॉक आणि कूम्ब्स या सहकाऱ्यांबरोबर मांजराच्या मेरुरज्जूतल्या एका चेतापेशीच्या आत काचेची अतिसूक्ष्म सुई नेली आणि ‘थांब’चा निरोप येताना पेशीच्या आत काय होतं ते मोजलं. जे दिसलं ते त्याच्या स्वतःच्या विजेच्या सिद्धांतात बसेना. वर्षानुवर्षं ज्यासाठी भांडला तो सिद्धांत त्याने सोडून दिला आणि सूपवाल्यांच्या बाजूला जाऊन बसला.

काय दिसलं होतं? नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

स्वस्थ चेतापेशीच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट इतका ऋण विद्युतभार असतो. म्हणजे उणे ७०. ‘चल’चा निरोप आला की पेशीची काही दारं उघडतात, धन भार असलेले कण आत येतात आणि आकडा वर सरकतो. तो साधारण उणे ५५ च्या उंबरठ्यावर पोचला की पेशी ‘फायर’ होते, पुढे निरोप धाडते. ‘थांब’चा निरोप आला की वेगळी दारं उघडतात, मुख्यतः क्लोराइडची. क्लोराइडवर ऋण भार असतो. ते आत आलं की आकडा खाली जातो आणि उंबरठा लांब पडतो. आकडा फारसा खाली गेला नाही तरीही ही उघडी दारं काम करतात. घागरीला भोक असलं की वरून कितीही पाणी ओता, ती भरत नाही. तसंच ‘चल’ म्हणून येणारा भार या दारांमुळे जागच्या जागी जिरतो.

एका चेतापेशीवर असे हजारो निरोप एकाच वेळी येत असतात. काही ‘चल’, काही ‘थांब’. पेशी क्षणाक्षणाला त्यांचा जमाखर्च मांडते. शिल्लक उंबरठ्यावर गेली तर हालचाल, नाही तर नाही.

‘थांब’ लिहिलेली रसायनं कोणती, तेही हळूहळू उलगडलं. १९५० मध्ये मेंदूत ‘गाबा’ नावाचा पदार्थ सापडला. पुढच्या १७-१८ वर्षांत सिद्ध झालं की मेंदूतला मुख्य निरोधक निरोप हाच. मेरुरज्जूत मोठं काम आहे ग्लायसिनचं. हा एक अगदी साधा अमिनो आम्ल, आपल्या डाळ-भाकरीतही असतो. १९६५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याची भूमिका स्पष्ट झाली.

आणि मग दोन्ही विषांचा हिशेब लागला. एक्लिस आता कॅनबेराला आला होता. १९५३ मध्ये त्याच्या गटाने दाखवलं की स्ट्रिक्निन ‘थांब’ अडवतं. १९५५ मध्ये ब्रुक्स आणि कर्टिस यांच्याबरोबर त्याने दाखवलं की धनुर्वाताचं विषही ‘थांब’च अडवतं. परिणाम सारखा, रीत वेगळी. पत्राचं उदाहरण घ्या. स्ट्रिक्निन पत्र घेणाऱ्याच्या पेटीला कुलूप लावतं. ग्लायसिन येतं, पण त्याच्या जागेवर स्ट्रिक्निन आधीच बसलेलं असतं. धनुर्वाताचं विष पोस्टमनलाच घराबाहेर पडू देत नाही. ‘थांब’ पाठवणाऱ्या पेशीत शिरून ते ग्लायसिन आणि गाबा बाहेर सोडणारी यंत्रणा तोडतं. ही तोडफोड नेमकी कुठे होते, ते १९९२ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. रसायनाच्या पिशव्या पेशीच्या भिंतीला जोडणारं एक प्रथिन हे विष कात्रीसारखं कापतं.

म्हणजे काजरा काय किंवा धनुर्वात काय, कुणीही चेतापेशींना भडकवत नाही. ते ब्रेक काढून घेतात. भडका आपलाच असतो, तो दर क्षणी दाबून धरलेला असतो इतकंच.

मुंबईच्या खाटांवर

प्रयोगशाळेतली ही गोष्ट आपल्याकडे खाटेखाटेवर दिसत होती. धनुर्वात आपल्याला फार जुना. सुश्रुतसंहितेत धनुष्यासारखं शरीर वाकवणाऱ्या रोगाचं वर्णन आहे. गर्भपातामुळे, अतिरक्तस्रावामुळे किंवा जखमेमुळे झालेला असा आजार बरा होत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. आज ही यादी वाचणारा कुठलाही डॉक्टर मान हलवेल. आपल्या भाषेत तर हा रोग म्हणीसारखा मुरला आहे. भीतीने बोलता येईना की आपण म्हणतो ‘दातखीळ बसली’. खरी दातखीळ हे धनुर्वाताचं बहुधा पहिलं लक्षण. जखम पायाला असली तरी जबडा आधी का धरतो? विष रक्तातून पसरून मज्जातंतूंच्या टोकांत शिरतं आणि तंतूतून उलट्या दिशेने वर चढतं. जबड्याचे तंतू आखूड, पायाचे लांब. आखूड वाटेने विष आधी पोचतं.

१९५० च्या दशकात मुंबईत धनुर्वाताचे रुग्ण सतत येत. शेतात पायाला काटा रुतलेले, रस्त्यावर खरचटलेले, बाळंतिणी, आणि नाळ कापताना जंतू शिरलेली आठवड्याची बाळं. डॉक्टरांपुढचा प्रश्न सरळ होता. यांतलं कोण वाचेल, कुणावर आधी धावायचं? मुंबईचे डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. जी. जी. जोग यांनी १९५९ साली याला एक साधं उत्तर दिलं. पाच गोष्टी बघायच्या. दातखीळ आहे का. झटके येतात का. जखम झाल्यापासून ७ दिवसांच्या आत लक्षणं सुरू झाली का. पहिल्या लक्षणापासून ४८ तासांच्या आत पहिला झटका आला का. भरती होताना किंवा पहिल्या २४ तासांत ताप आहे का. जितक्या गोष्टी ‘हो’, तितकी वरची पायरी आणि तितका मोठा धोका. यंत्र लागत नाही, रक्ताची चाचणी लागत नाही. लागतं ते नीट विचारणं आणि घड्याळ. ही ‘पटेल-जोग’ प्रतवारी पुढे जगभरच्या लिखाणात आली.

पाचांतले दोन प्रश्न वेळेचे का, हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. वेळ कमी लागला म्हणजे विष जास्त आहे किंवा वाट आखूड आहे. ब्रेक वेगाने निकामी होत आहेत.

१९६३ साली धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. त्याच वर्षी एक्लिसला नोबेल मिळालं. एकीकडे पेशीच्या आत सुई नेऊन ‘थांब’ मोजणारे, दुसरीकडे ‘थांब’ हरवलेल्या माणसांच्या उशाशी बसलेले. दोघांचं काम एकाच फटीवर चाललं होतं. पुढे १९९९ मध्ये पटेल आणि मेहता यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८,६९७ रुग्णांची नोंद आहे. हा आकडा एकदा सावकाश वाचा.

या रोगाचे जुने उपचारही आता वेगळ्या नजरेने बघता येतात. धनुर्वाताच्या रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायचे. ही नुसती दया नव्हती. प्रकाश, आवाज, स्पर्श हे सगळे ‘चल’चे निरोप आहेत आणि त्यांना अडवणारं कुणी उरलेलं नाही. मग निदान ‘चल’ तरी कमी करा. १९६० च्या दशकात डायझेपाम हे औषध आलं. ते गाबाचा परिणाम वाढवतं. म्हणजे जेवढा ब्रेक शिल्लक आहे तेवढा घट्ट दाबतं. प्रतिविष दिलं जातं, पण ते फक्त बाहेर फिरणाऱ्या विषाला पकडतं. पेशीत शिरलेल्याला हात लावू शकत नाही. तिथे नवी जोडणी व्हायला काही आठवडे जातात. तेवढे दिवस रुग्णाचा श्वास चालू ठेवणं, हाच मुख्य उपचार.

माती तशीच आहे

आता परत राजस्थानकडे आणि महाराष्ट्राकडे एकत्र बघू, कारण या बाबतीत दोन्हींची गोष्ट एकच होती. घरी बाळंतपण, हाताला येईल त्या धारेने कापलेली नाळ, तिच्यावर राख किंवा शेण. चार-पाच दिवस नीट पिणारं बाळ एक दिवस तोंड उघडेनासं होई. काही दशकांपूर्वी देशात दर वर्षी दीड ते दोन लाख नवजात बाळांना धनुर्वात होत असे, असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक जात.

हे बदललं ते मोठ्या शोधाने नव्हे. गरोदर बाईला लस दिली की तिचं संरक्षण बाळाला पोटातच मिळतं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणं. दाईंचं प्रशिक्षण, रुग्णालयातली बाळंतपणं, घरोघर फिरणाऱ्या परिचारिका आणि आशाताई. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात, वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा रोग.

‘हटला’ आणि ‘संपला’ यांत फरक आहे. देवी संपली, कारण देवीचा जंतू माणसाशिवाय राहू शकत नव्हता. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, जनावरांच्या आतड्यात राहतो, वर्षानुवर्षं बीजरूपाने टिकतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. म्हणून शेजारच्यांनी लस घेतली तर आपलं रक्षण होतं, हा इतर रोगांचा हिशेब इथे चालत नाही. गावातल्या ९९ बायकांनी लस घेतली आणि एक राहिली, तर ती आणि तिचं बाळ पूर्ण उघडे आहेत.

म्हणून एवढं करा. घरात गरोदर सून, लेक, भावजय असेल तर ‘टीडी’चे डोस झाले का ते तिच्या कार्डावर बघा. मुलांचे १० व्या आणि १६ व्या वर्षीचे डोस बहुतेक घरांत विसरले जातात, तेही बघा. आणि आजोबांना शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ते आठवत नसेल, तर त्यांच्या पायात खिळा घुसायची वाट बघू नका.